करडू कोठून आले?

आमच्या धर्मग्रामात वर्षातून एकदा विवाहाची पंचवीस आणि पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या दांपत्यांसाठी ख्रिस्तयाग अर्पण केला जातो. ही दांपत्ये पुढच्या बाकांवर बसतात, धर्मगुरू त्यांच्याकडून विवाहाच्या वचनांचा पुनरुच्चार करवून घेतात आणि त्यानंतर सभागृहात केक कापला जातो. कोणीतरी उत्साही तरुण ध्वनिक्षेपक पुढे करून विचारतो, "काका, पन्नास वर्षांचे गुपित काय?" काका ठरलेले उत्तर देतात, "ती बोलते, मी ऐकतो." सारे हसतात, काकूही हसतात आणि जेवणाला सुरुवात होते. पुढील वर्षी आमची पाळी आहे. तो ध्वनिक्षेपक आमच्यापुढे आला तर काय बोलावे याचा विचार करीत असता जे मनात आले, ते येथे मांडीत आहोत. हा लेख आम्ही दोघांनी मिळून सिद्ध केला आहे. एकाने सांगितले, दुसरीने उतरवून घेतले आणि जेथे पटले नाही तेथे खोडले.

पहिला प्रश्न असा, की हे अभिनंदन नेमके कशाचे? वर्षे आपोआप सरतात. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या गाडीत वीस-वीस वर्षे एकाच डब्यात, समोरासमोरच्या बाकांवर बसून प्रवास केलेले सोबती आम्हांला ठाऊक आहेत. त्यांतील काहींना एकमेकांच्या घरी कोण आजारी आहे याचाही पत्ता नसे. एका छपराखालीही असा प्रवास घडू शकतो. दोन माणसे भांडण न करता, घटस्फोट न घेता, एकमेकांना टाळीत पन्नास वर्षे काढू शकतात आणि केक त्यांनाही मिळतो. तेव्हा दीर्घ सहवास हा स्वतःच एक सद्गुण आहे काय? की सहवास हे केवळ शेत आहे आणि त्यात काय पिकले हे निराळे पाहावे लागते?

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबजीवनावर जे प्रेषितीय प्रबोधन प्रसिद्ध केले, त्यात या प्रश्नाला स्पर्श केला आहे. आयुर्मान वाढल्यामुळे आता चार, पाच, सहा दशके एकमेकांशी निष्ठेने राहावे लागते. तेव्हा आरंभी केलेली निवड पुन्हा पुन्हा नव्याने करावी लागते, असे त्यांच्या म्हणण्याचे तात्पर्य आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत साठी गाठणे हेच मोठे मानले जाई. सत्तरीनंतरचे दांपत्यजीवन ही आमच्या पिढीच्या वाट्याला आलेली नवी भूमी आहे आणि तिच्यात वाट दाखवणारी माणसे थोडी आहेत.

अशी एक वाट आम्हांला तोबीताच्या पुस्तकात सापडली. हे पुस्तक कॅथलिक बायबलात आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ साली पवित्र ग्रंथांची जी सूची निश्चित केली तिच्यात ते समाविष्ट आहे. प्रॉटेस्टंट बंधू मात्र त्याला प्रमाणग्रंथांत धरीत नाहीत. आपल्या विवाहविधीत ज्या वाचनांतून निवड करता येते, त्यांत या पुस्तकातील एक उतारा आहे. विवाहाच्या रात्री तरुण तोबियास आणि त्याची नववधू सारा शय्येवरून उठून प्रार्थना करतात. देवाने आपणां दोघांवर दया करावी आणि आपणांस एकत्र वार्धक्यापर्यंत न्यावे, असे तो मागतो. वेदीसमोर उभे असलेल्या वधूवरांना हे वाचन गोड वाटते. पंचविशीतल्या माणसाला वार्धक्य म्हणजे पांढरे केस आणि मांडीवर नातवंडे एवढेच दिसते.

परंतु त्याच पुस्तकाची पाने मागे उलटली तर एकत्र आलेले वार्धक्य प्रत्यक्षात कसे असते हेही वाचावयास मिळते आणि ते चित्र त्याच तोबियासच्या आईवडिलांचे आहे. वडील तोबीत हे निनवे नगरीत निर्वासित म्हणून राहणारे, परम धार्मिक गृहस्थ. भुकेल्यांना अन्न द्यावे, उघड्यांना वस्त्र द्यावे, राजाने मारून टाकलेल्या आपल्या बांधवांची प्रेते जीव धोक्यात घालून पुरावीत, असा त्यांचा नेम. एकदा सणाच्या दिवशी पुढ्यातले ताट सोडून ते एका बेवारस प्रेताला मूठमाती देण्यास गेले आणि त्या रात्री अंगणात भिंतीलगत झोपले. भिंतीवरच्या पक्ष्यांची विष्ठा डोळ्यांत पडली, डोळ्यांवर पांढरे पडदे आले, वैद्यांच्या मलमांनी ते वाढतच गेले आणि साठीच्या आसपास तोबीत आंधळे झाले. मिळवता हात थांबला. तेव्हा त्यांची पत्नी अन्ना लोकांचे कापड विणून देऊ लागली. एके दिवशी मालकांनी तिचे काम पाहून पूर्ण मजुरी दिली आणि वर एक करडू भेट दिले. घरात करडू ओरडल्याचे ऐकून आंधळ्या तोबीतांनी विचारले, हे करडू कोठून आले? चोरीचे तर नाही ना? असेल तर परत कर. ते मजुरीवर मिळालेली भेट आहे असे ती सांगत राहिली, तरी त्यांचा विश्वास बसेना. ते संतापले. मग तीही बोलली. तुमचे ते दानधर्म आता कोठे गेले, तुमची ती सत्कृत्ये कोठे आहेत, असा तिच्या बोलण्याचा रोख होता. ते ऐकून तोबीत रडले आणि देवाजवळ मरण मागू लागले.

ही कथा आम्ही पूर्वीही वाचली होती. ती आमच्या घरात घडली तेव्हा ती आम्हांला कळली.

आमच्यापैकी जो पती आहे त्याला काचबिंदू झाला. या रोगात गेलेली दृष्टी परत येत नाही. औषधाने उरलेली टिकवता येते एवढेच. दोन वर्षांपूर्वी त्याला वहीतले आकडे दिसेनासे झाले. लग्नापासून घराचा हिशेब त्याच्या हाती होता, तो आता पत्नीच्या हाती आला. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्याने पेन्शनमधून किती उरले ते विचारले, मनाशी बेरीज केली आणि चौदाशे रुपये कमी भरतात असे त्याच्या ध्यानात आले. "पैसे गेले कोठे? तुझ्या भावाकडे तर पोहोचले नाहीत ना?" हे शब्द त्याचेच. तिने सांगितले, की डॉक्टरांनी थेंबांची तिसरी बाटली वाढवली आहे आणि ती महाग आहे. "मग सांगितले का नाहीस?" "सांगितले असते तर तुम्ही एक दिवसाआड घातले असते. मागे तसेच केलेत." त्याने औषधाच्या दुकानाची पावती मागितली. वाचता येत नसतानाही मागितली. तेव्हा ती म्हणाली, "पतपेढीत बावीस वर्षे हिशेब तपासलेत. तेथे पैसे कमी भरले तर आधी बेरीज पुन्हा करून पाहू म्हणायचात. घरात मात्र आधी चोर दिसला."

त्यानंतर दोन दिवस घरात कामापुरतेच बोलणे झाले. संध्याकाळची रोझरी झाली. एकाने अर्धा भाग म्हटला, दुसरीने उरलेला. सवयीने शब्द जुळले, मने जुळली नाहीत. तिसऱ्या रात्री त्याने बाटली तिच्यापुढे धरली आणि म्हटले, "तू घाल." तोवर तो हट्टाने स्वतःच थेंब घालीत असे आणि निम्मे औषध गालावरून ओघळून जाई. ती म्हणाली, "डोके मागे करा." भांडण असे मिटले. क्षमा मागितली गेली नाही, हे येथे नोंदवावे असा लिहिणारीचा आग्रह आहे. सांगणाऱ्याने ती आता, हे सांगत असताना, मागितली आहे. वाक्य खोडलेले नाही.

लिहिणारीलाही काही कबूल करावयाचे आहे. तिसऱ्या बाटलीची किंमत तिने लपविली ती त्याच्या डोळ्यांच्या काळजीने, हे खरे. पण इतक्या वर्षांनी प्रथमच घराचा दोर आपल्या हाती आल्याची एक गोडीही त्या लपविण्यात होती आणि तीही खरी. पतपेढीचा टोमणा मारताना तो कोठे लागेल हे तिला नेमके ठाऊक होते.

आम्हांला वाटते, की वृद्ध दांपत्याचा खरा नैतिक प्रश्न येथेच आहे. दोन माणसे अर्धे शतक एकत्र राहिली म्हणजे त्यांना एकमेकांची जी माहिती होते, तशी ती जगात दुसऱ्या कोणालाही नसते. जिव्हारी लागेल असा शब्द कोणता, अभिमान कोठे आहे, भीती कोठे आहे, हे सारे ठाऊक असते. ही माहिती म्हणजे सत्ता आहे. तारुण्यात हात, पैसा, बाहेरचे जग अशा इतर सत्ताही असतात. वार्धक्यात त्या एकेक गळून पडतात आणि ही एकच उरते. तिचे शस्त्र करावयाचे की औषध, हे रोज ठरवावे लागते. अन्नाने दानधर्माचा उल्लेख केला कारण तोबीतांच्या आयुष्याचा आधार तोच होता, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक होते? आणि ज्या स्त्रीच्या हातचे ते इतकी वर्षे जेवले, ती चोरी करणार नाही हे तोबीतांच्याइतके कोणाला ठाऊक असावयास हवे होते? दोघांनाही सत्य ठाऊक होते आणि दोघांनीही ते चुकीच्या कामी लावले.

मग इतका पुण्यशील पुरुष घरातच अन्यायी का झाला? याचे उत्तर आम्ही आपल्या अनुभवावरून देतो. परोपकाराला बाहेर साक्षीदार असतात, देणाऱ्याचा हात वर असतो. घरात, विशेषतः आजारपणात, तोच हात खाली येतो. ज्याने जन्मभर दिले त्याला घेणे जमत नाही. दुसऱ्याच्या कमाईचे, दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेले, दुसऱ्याच्या हाताने भरवलेले स्वीकारताना मनाला एक लाज वाटते आणि ती लाज संशयाचे रूप घेते. तोबीतांना करडाचा राग नव्हता. आपल्या घरात एखादी वस्तू आपल्या कर्तृत्वावाचून आली, याचा तो राग होता. देणे हा सद्गुण आहे हे आपल्याला लहानपणी धर्मशिक्षणात शिकवले गेले. पण सन्मानाने घेणे हाही सद्गुण आहे, हे आम्हांला पंचाहत्तरीत कळले. जो घेऊ देत नाही तो दुसऱ्याला प्रेम करू देत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे, अन्यथा आमचे हे चिंतन अनेक भगिनींना अर्धसत्य वाटेल. देणे-घेणे आमच्या पिढीत समान वाटलेले नव्हते. वसईच्या वाड्यांतील कितीतरी स्त्रियांनी भाजीच्या आणि फुलांच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईचे बाजार गाठले, परत आल्यावर चूल पेटवली आणि घरातील सर्वांचे जेवण आटोपल्यावर आपले पान वाढून घेतले. पती अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी निवृत्त झाला, त्याला हार आणि शाल मिळाली; पत्नी कधीच निवृत्त झाली नाही. विवाहाच्या वेदीसमोर दोघांनी एकच वचन दिले होते, सुखदुःखाचे, आजाराचे आणि आरोग्याचे. ते वचन शब्दशः समान होते. ते फेडण्याचे काम मात्र बहुतांशी एकीच्या माथी आले. सुवर्णमहोत्सवी ख्रिस्तयागात आपण ज्या सहनशीलतेची स्तुती करतो, ती कित्येकदा एकाच बाजूची सहनशीलता असते. जेथे छळ होता, मारहाण होती, तेथे तर वर्षे मोजून टाळ्या वाजविणे हे पापच होय. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतही जोडीदाराच्या किंवा मुलांच्या देहाला वा आत्म्याला गंभीर धोका असेल तर विभक्त राहण्यास मोकळीक दिलेली आहे, हे आपल्या मंडळींना क्वचितच सांगितले जाते.

म्हणून पतीचे वार्धक्य हे आम्हांला शेवटची संधी वाटते. आमच्यातील पुरुषाने चहा करावयास दृष्टी अधू झाल्यावर शिकून घेतले. साखरेचा डबा डावीकडे, चहापत्तीचा उजवीकडे, दूध उतू जाण्यापूर्वी त्याचा आवाज बदलतो. हे सारे पत्नीने त्याला शिकवले. पहिले आठ दिवस तो चहा पिण्यासारखा नव्हता. तिने तो प्यायला, आणि चांगला झाला आहे असे खोटे सांगितले नाही. सकाळी साडेपाचला कोणीतरी आपल्या हातात कप आणून देतो हे सुख तिला लग्नानंतर प्रथमच मिळाले. जन्माचे ऋण एका कपाने फिटत नाही. पण ऋण आहे एवढे तरी त्याने कबूल होते.

विवाहसंस्कारासंबंधी ख्रिस्तसभेची एक शिकवण या संदर्भात आम्हांला फार मोलाची वाटते. आपल्या लॅटिन परंपरेत इतर संस्कार सामान्यतः धर्मगुरू किंवा बिशप देतात. विवाहसंस्कार मात्र वधू आणि वर एकमेकांना देतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने साक्षीला उभे असतात. ही गोष्ट आम्ही तरुणपणी पाठ केली होती. आज तिचा अर्थ आम्ही असा लावतो, की ज्यांनी त्या दिवशी एकमेकांना संस्कार दिला, त्यांच्याकडून तो देण्याचा अधिकार दुसऱ्या दिवशी काढून घेतला जात नाही. रात्री नऊ वाजता डोळ्यांत थेंब घालणारा हात आणि त्यासाठी मागे झुकलेले मस्तक, ही त्या वेदीवरच्या क्षणाचीच पुढील पाने आहेत.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २१ ऑक्टोबर २००१ रोजी लुइजी आणि मारिया बेल्त्रामे क्वात्रोक्की या रोमच्या पतीपत्नींना एकत्रितपणे धन्यवादित घोषित केले. दांपत्य म्हणून असा सन्मान प्रथमच दिला गेला. लुइजी वकील, मारिया लेखिका, चार मुले, साधारण सुखवस्तू घर. संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी असतो, कारण तो त्यांचा स्वर्गातील जन्मदिवस मानला जातो. या दोघांचा सण मात्र २५ नोव्हेंबरला, १९०५ साली त्यांचा विवाह झाला त्या तारखेला येतो. लुइजी १९५१ साली गेले आणि मारिया त्यांच्यामागे चौदा वर्षे जगल्या. त्या चौदा वर्षांतील रोजच्या सकाळी कशा गेल्या असतील, याचा विचार आमच्या मनात वारंवार येतो.

कारण आमच्यापैकीही एकाला मागे राहायचे आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. जगाशी बोलताना आम्ही 'आम्ही' म्हणतो. एकमेकांशी बोलताना 'आपण' म्हणतो. 'आपण जेवू या', 'आपण दार लावले का?' मागे राहणाऱ्याला 'आम्ही' म्हणता येईल, मुलानातवंडांना धरून म्हणता येईल. पण ज्या व्यक्तीला उद्देशून 'आपण' म्हणावयाचे ती समोर नसेल. ज्या वाचकांवर ही वेळ आली आहे, त्यांना उपदेश करण्याचा आम्हांला अधिकार नाही. त्यांच्याकडून आम्ही एवढेच शिकतो, की जे बोलायचे ते बोलण्यास फार वेळ उरलेला नसतो.

पुन्हा तोबीतांकडे येऊ. त्यांनी अन्नाची क्षमा मागितल्याचे त्या पुस्तकात कोठेही लिहिलेले नाही. परंतु मरण मागून झाल्यावर ते मुलाला जवळ बोलावतात आणि जे सांगतात त्यात आईचा विषय अगदी आरंभी येतो. तिचा मान राख, तिला कधी सोडू नकोस, तू पोटात असताना तिने किती संकटे सोसली ते आठव; आणि ती मरेल तेव्हा तिला माझ्याशेजारी, माझ्याच कबरेत ठेव. करडाच्या भांडणानंतर फार पाने गेलेली नाहीत. पुढे मुलगा दूरदेशी जातो आणि परतण्यास उशीर होतो, तेव्हा अन्ना रोज रस्त्यावर डोळे लावून बसते. तोबीत तिला धीर देतात, ती त्यांना गप्प करते. म्हातारपणीचा हा संवाद आमच्या घरातही नेहमी होतो. शेवटी रस्त्यावर मुलगा दिसतो तो तिला, आणि ती ती बातमी त्यांना सांगते. ज्या बाईच्या शब्दावर त्यांनी करडाबाबत विश्वास ठेवला नव्हता, तिच्याच शब्दावर ते अंधारात उठून दाराकडे निघतात, अडखळत निघतात.

तोबीतांना पुढे दृष्टी परत मिळाली. आम्हांला ती मिळणार नाही हे डॉक्टरांनी सांगितले आहे. परंतु तोबीतांचा डोळ्यांवरचा पडदा निघण्याआधी दुसरा एक पडदा निघाला होता, असे आम्हांला वाटते, आणि तो निघण्यासाठी औषधाची आवश्यकता नसते. समोरच्याचा शब्द खरा मानून एक पाऊल टाकावे लागते.

तेव्हा पुढील वर्षी ध्वनिक्षेपक पुढे आला तर पन्नास वर्षांचे गुपित आम्ही सांगणार नाही, कारण असे गुपित आमच्याजवळ नाही. पन्नास वर्षांनंतरही आमच्या घरात करडू कोठून आले हे विचारले जाते. फक्त आता विचारणारा आधी बेरीज पुन्हा करून पाहतो आणि सांगणारी पावती न लपविता सांगते. तोबियास आणि सारा यांनी मागितलेले एकत्र वार्धक्य देवाने आम्हांला दिले आहे. ते एकमेकांशी न्यायाने वागून पार पाडण्याची बुद्धीही त्याने द्यावी, एवढेच आमचे मागणे.